मेंदूला कच्चा माल कमी पडलेला नसतो

उदास वाटतंय? सेरोटोनिन कमी पडलंय, ट्रिप्टोफॅन घ्या. कामात लक्ष लागत नाही? डोपामिन घसरलंय, टायरोसिन घ्या. छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो? गॅबा घ्या. झोप लागत नाही? फाइव्ह-एचटीपी घ्या, जोडीला ग्लायसिन. जिममधल्या ट्रेनरपासून रीलवरच्या ‘न्यूट्रिशन कोच’पर्यंत अनेकांच्या तोंडी हल्ली ही यादी असते. सकाळी उपाशीपोटी दोन कॅप्सूल, रात्री झोपताना दोन, आणि वर दिलासा: ‘हे औषध नाही हो, नुसतं प्रोटीनच आहे.’

या सल्ल्यामागचा युक्तिवाद तीन पायऱ्यांचा आहे. मेंदूतले काही महत्त्वाचे संदेशवाहक रेणू अमिनो आम्लांपासून बनतात. मनाचा त्रास म्हणजे या रेणूंचा तुटवडा. म्हणून अमिनो आम्ल जास्त पोटात घातले की रेणू जास्त बनतील आणि त्रास जाईल. पहिली पायरी पूर्ण खरी आहे. दुसरी बहुतांशी चुकीची आहे. तिसरी तर, आधीच्या दोन्ही खऱ्या धरल्या तरी, त्यांतून निघत नाही. आणि ज्या मोजक्या ठिकाणी ती खरोखर निघते, तिथे त्या पदार्थाला ‘नुसतं प्रोटीन’ म्हणायची सोय उरत नाही. मला सांगायचे ते एवढेच. पण ते नीट मांडायला हवे, कारण समोरची बाजू अगदीच अडाणी नाही.

तिच्या हातात असलेला सर्वांत भक्कम पुरावा आधी मांडतो. १९७१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वुर्टमन यांनी उंदरांना ट्रिप्टोफॅनचा छोटा डोस टोचला आणि त्यांच्या मेंदूतले सेरोटोनिन वाढल्याचे दाखवले. खाण्यातला एक घटक मेंदूच्या रसायनात हात घालू शकतो, हे तोवर कुणाला फारसे पटत नव्हते. शोध खरा होता, महत्त्वाचाही होता. पुढे २००२ साली ज्युलिया रॉस यांच्या ‘द मूड क्युअर’ या अमेरिकी पुस्तकाने या धाग्याचा पार दोरखंड वळला. चार प्रकारची मनःस्थिती, चार प्रकारचे रासायनिक तुटवडे, प्रश्नावलीत खुणा करा आणि आपले अमिनो आम्ल निवडा. आपल्याकडच्या रील याच प्रश्नावलीची गाळीव आवृत्ती असतात. गाळताना जे सांडले, त्यात फर्नस्ट्रॉम-वुर्टमन यांचे पुढचे काम होते.

पुढच्याच वर्षी या दोघांनी दाखवले की मेंदूत किती ट्रिप्टोफॅन जाणार हे रक्तात ते किती आहे एवढ्यावर ठरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट विणलेली भिंत आहे आणि तीतून जायला ठरावीक दारे आहेत. ट्रिप्टोफॅन ज्या दाराने आत जाते त्याच दाराशी टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, मेथिओनिन आणि हिस्टिडिन हेही उभे असतात. एसटी फलाटाला लागल्यावर दारात उडते तशी ही झुंबड. त्यात ट्रिप्टोफॅन अंगाने किरकोळ: आपल्या खाण्यातल्या बहुतेक प्रथिनांत शंभर ग्रॅमला जेमतेम एक-दीड ग्रॅम. म्हणून बाकीच्यांच्या तुलनेत ते किती, हाच खरा प्रश्न.

आपल्या घराघरांत सांगितला जाणारा कोमट दुधाचा सल्ला या कसोटीवर घासून पाहू. ‘दुधात ट्रिप्टोफॅन असतं, म्हणून झोप येते’, हे वाक्य आरोग्य पुरवण्यांतून इतक्यांदा छापून आले आहे की आता ते आजीचेच वाटते. २०० मिलिलिटर दुधात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत ट्रिप्टोफॅन नव्वदेक मिलिग्रॅम. पण त्याच पेल्यातून त्याच दाराचे बाकीचे सात उमेदवारही पोटात जातात, आणि त्यांची बेरीज दोन ग्रॅमच्या वर भरते. म्हणजे एकास वीसहून जास्त. दूध, अंडी, मटण, पनीर असे प्रथिनांनी भरलेले काहीही खाल्ले की ट्रिप्टोफॅनचे सापेक्ष प्रमाण वाढायचे सोडून उलट घटते. ते वाढते निव्वळ पिष्टमय किंवा गोड खाल्ल्यावर, कारण इन्सुलिन ल्युसिनसारख्या स्पर्धकांना स्नायूंकडे वळवते. तेही जेवणात थोडे प्रथिन आले की पुसले जाते, आणि आपल्या वरण-भातात ते असतेच. दूध पिऊन कुणाला झोप लागत असेल तर खुशाल लागो. सवयीचा आणि उबेचा गुण थोडा नसतो. श्रेय तेवढे ट्रिप्टोफॅनला देऊ नये.

याच दाराची आणखी एक गंमत आहे आणि ती जिमच्या बॅगेत सापडते. बीसीएए म्हणून जी पावडर पाण्यात घुसळून प्यायली जाते ती म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. ऑक्सफर्डचे एरिक न्यूजहोम यांनी १९८०च्या दशकात मांडले होते की लांब पल्ल्याच्या व्यायामात मेंदूत ट्रिप्टोफॅन जास्त शिरते आणि त्यामुळे थकवा जाणवतो; तेव्हा बीसीएए देऊन त्याला दारातच अडवले तर थकवा लांबेल. प्रयोगांत या कल्पनेला ठाम दुजोरा मिळाला नाही, पण विक्रीला मिळाला. आता पाहा: सकाळच्या डब्याचा दावा आहे की ट्रिप्टोफॅन मेंदूबाहेर ठेवल्याने तुम्ही ताजेतवाने राहाल. रात्रीच्या डब्याचा दावा आहे की ते मेंदूत घातल्याने तुम्ही आनंदी व्हाल. दोन्ही डबे बऱ्याचदा एकाच दुकानातले, एकाच ट्रेनरने सुचवलेले, एकाच माणसाच्या बॅगेतले. दोन्ही दावे एकाच दाराच्या विज्ञानावर उभे आहेत आणि परस्परांच्या उरावर बसले आहेत.

यावर जाणकार विक्रेता म्हणेल, ‘म्हणूनच आम्ही सुटं ट्रिप्टोफॅन द्यायला सांगतो, उपाशीपोटी.’ बरोबर आहे. एक ग्रॅम शुद्ध ट्रिप्टोफॅन रिकाम्या पोटी घेतले तर सापेक्ष प्रमाण नक्की वाढते आणि मेंदूत ते जास्त जाते. एवढ्या डोसाने झोप थोडी लवकर लागते असे काही छोट्या अभ्यासांत दिसलेही आहे. पण दार ओलांडले म्हणजे काम झाले असे नाही. खाल्लेल्या ट्रिप्टोफॅनचा अगदी छोटा वाटा सेरोटोनिनकडे वळतो. बहुतांश भागाची वाट यकृतातून कायन्युरेनिन नावाच्या वेगळ्याच रस्त्याला लागते, आणि ट्रिप्टोफॅन जितके जास्त येईल तितका यकृतातला विकर ते जास्त जोमाने मोडतो. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन तर आतड्यात असते आणि ते मेंदूत जाऊच शकत नाही. मेंदूतही, साठा वाढला म्हणजे संदेश वाढला असे नसते. सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशींवरच त्याची पातळी ओळखणारे ग्राहक असतात. पातळी वाढली की या पेशी आपला संदेश पाठवण्याचा वेग कमी करतात. आज तुम्ही काय जेवलात यावरून उद्याची मनःस्थिती ठरू नये, यासाठी मेंदूने केलेला हा बंदोबस्त आहे. नाहीतर पुरणपोळीच्या दिवशी सगळे घर आनंदात आणि एकादशीला सगळे घर नैराश्यात, असे झाले असते.

टायरोसिनची गोष्ट याहून कडक आहे. टायरोसिनपासून डोपामिन बनण्याच्या वाटेवर टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हा विकर आडवा बसला आहे आणि सगळा वेग तोच ठरवतो. एरवी मेंदूत त्याच्यापुढे असलेले टायरोसिन त्याला पुरून उरते. वरून आणखी ओतल्याने फार काही फरक पडत नाही. पडतो तो पेशी अतिशय वेगाने काम करत असतील तेव्हा. अमेरिकी लष्करासाठी बँडरेट आणि लीबरमन यांनी १९८९ साली हे तपासले. स्वयंसेवकांना साडेचार तास थंडीत आणि उंच डोंगरावर असते तशा विरळ हवेत ठेवले, आणि टायरोसिन घेतलेल्यांची कामगिरी व मनःस्थिती कमी ढासळली. डोस होता किलोला १०० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला सहा ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या बारा कॅप्सूल. हा अभ्यास खरा आहे. पण तो सियाचेनच्या चौकीवरल्या जवानाला थोडाफार लागू होईल. हिंजवडीतल्या वातानुकूलित कचेरीत दुपारी तीनला डुलकी घेणाऱ्याला होत नाही. नैराश्यासाठी टायरोसिन वापरून पाहिले गेले तेव्हा, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ६५ रुग्णांच्या चाचणीत, ते प्लासिबोच्या वर काही करू शकले नाही. गॅबाची तर कथाच आटोपशीर आहे: तोंडाने घेतलेला गॅबा ती भिंत फारशी ओलांडतच नाही. मेंदू आपला गॅबा आपल्याच आवारात, ग्लुटामेटपासून बनवतो.

आता दुसऱ्या पायरीकडे वळू: मनाचा त्रास म्हणजे रासायनिक तुटवडा. या बाजूचा आवडता दाखला आहे ट्रिप्टोफॅन काढून घेण्याच्या प्रयोगांचा. ट्रिप्टोफॅन वगळून बाकीच्या अमिनो आम्लांचे पेय प्यायला दिले की काही तासांत रक्तातले ट्रिप्टोफॅन एकदम खाली येते. ऑक्सफर्डमध्ये १९९७ साली असे पेय नैराश्यातून बऱ्या झालेल्या १५ स्त्रियांना दिले गेले. त्यांतल्या १० जणींना काही काळ नैराश्याची लक्षणे परत जाणवली. ‘बघा,’ विक्रेता म्हणतो, ‘ट्रिप्टोफॅन गेलं आणि मन बसलं!’ पण हेच पेय ज्यांना कधी नैराश्य आलेले नाही अशा निरोगी माणसांना दिले तर त्यांची मनःस्थिती सहसा ढळत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून हे तपासले गेले आहे. म्हणजे नैराश्याचा इतिहास असलेल्या मेंदूत काहीतरी नाजूक असते, एवढेच यातून सिद्ध होते. तुटवड्याने सगळ्यांना नैराश्य येते हे नाही. आणि भरपूर दिल्याने ते जाते हे तर नाहीच. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी नैराश्य आणि सेरोटोनिन यांच्यावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला तेव्हाही ‘कमी सेरोटोनिन म्हणजे नैराश्य’ या सूत्राला सुसंगत पुरावा मिळाला नाही. नैराश्यावरची औषधे काम करतात की नाही हा त्याहून निराळा प्रश्न, आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञांचे मॉनक्रीफ यांच्याशी चांगलेच वाजले. पण तुटवड्याचे जे सोपे सूत्र तज्ज्ञांनी केव्हाच मागे टाकले, ते आता विक्रेत्यांच्या माथी जसेच्या तसे मिरवते आहे.

पुराव्याची मोजदाद करायचीच तर तीही झाली आहे. कोक्रेन या संस्थेने २००२च्या सुमारास नैराश्यावर ट्रिप्टोफॅन आणि फाइव्ह-एचटीपी देऊन झालेल्या चाचण्या गोळा केल्या. सापडल्या १०८. विश्वास ठेवण्याजोग्या निघाल्या दोन. त्या दोन्हींत मिळून रुग्ण होते ६४. त्यांत हे पदार्थ प्लासिबोपेक्षा सरस दिसले, हेही नोंदवतो. निष्कर्ष मात्र असा होता की एवढ्यावर काही ठरवता येत नाही. ज्या पदार्थावर पेटंटचे बंधन नाही, जो स्वस्त आहे आणि दशकानुदशके उपलब्ध आहे, त्याच्याबद्दल १०८ पैकी दोन चाचण्या धड असणे ही त्याच्या समर्थकांच्या अभिमानाची गोष्ट नव्हे.

तुटवडा कधीच नसतो असे मी म्हणत नाही. खरा तुटवडा कसा दिसतो हे दख्खनने पाहिले आहे. ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसे: उन्हाने काळी पडून सोलणारी कातडी, जुलाब, आणि मनाचा बिघाड. नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्याने तो होतो आणि शरीर नायसिन बनवते ते ट्रिप्टोफॅनपासून, सुमारे साठ मिलिग्रॅमला एक मिलिग्रॅम या हिशेबाने. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०च्या ‘लॅन्सेट’मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनकडे बोट दाखवले. ल्युसिनच्या या सिद्धांतावर पुढे वाद झाला. आजारावर आणि त्याच्या इलाजावर नाही. इलाज होता नायसिन आणि चौरस आहार. ज्याला रोज पन्नास-साठ ग्रॅम प्रथिने मिळतात त्याच्या ताटात ट्रिप्टोफॅन गरजेच्या दुपटीहून जास्त असते: गरज किलोला चार मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला २४० मिलिग्रॅम, मिळते सहाशेच्या घरात. जिमची फी आणि डब्याचे पैसे भरू शकणारा माणूस या तुटवड्याचा रुग्ण नसतो. त्याच्या थकव्यामागे आणि उदासीमागे एखादी खरी कमतरता असेलच, तर ती ब-१२ची असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. आपल्या लोकांत ती किती पसरलेली आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून ठेवले आहे. ती रक्त तपासून कळते आणि स्वस्तात भरून निघते. पण तपासणी आधी आणि गोळी नंतर, हा क्रम डबेवाल्यांना परवडत नाही.

‘पण पार्किन्सनला डॉक्टर तरी काय देतात? एल-डोपा. तेही अमिनो आम्लच ना?’ हा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण त्याच्या उत्तरात सगळा प्रश्न सुटतो. हो, एल-डोपा हे अमिनो आम्ल आहे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन देऊन निपचित पाडले आणि एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. हे रेसर्पिन आपल्या सर्पगंधेतले. याच मुळीच्या रक्तदाबावरच्या उपयोगाबद्दल मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. कार्लसन यांना २०००चे नोबेल मिळाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज कोट्झियास यांनी ग्रॅमच्या हिशेबात एल-डोपा देऊन पार्किन्सनचे रुग्ण चालते केले. पण एल-डोपा यशस्वी का झाला? पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात. म्हणजे तुटवडा खरा असतो, तपासून पाहिलेला असतो. आणि एल-डोपा त्या आडव्या बसलेल्या विकराच्या पलीकडे, थेट पुढच्या टप्प्यावर उतरतो. टायरोसिन देऊन हे साधत नाही, म्हणूनच कुणीही न्यूरॉलॉजिस्ट पार्किन्सनला टायरोसिनच्या कॅप्सूल लिहून देत नाही.

आणि मेंदूवर खरोखर परिणाम करणारे हे अमिनो आम्ल वागते कसे? नुसते दिले तर बराचसा भाग मेंदूबाहेरच डोपामिन होतो आणि मळमळ सुटते, म्हणून त्याच्यासोबत कार्बिडोपा द्यावे लागते. त्याच गर्दीच्या दाराने जात असल्याने जेवणातली प्रथिने त्याला अडवतात. म्हणून रुग्णाला सांगतात, गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. काही वर्षांनी हातपाय आपोआप वळवळू लागतात. डोस दर काही महिन्यांनी जुळवावा लागतो. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असतो. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर ३० ग्रॅमच्या डोसाने तपासले तेव्हा तिचा परिणाम झाला. तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द इथे काहीच सांगत नाही. खाजकुइली काम करते ती औषधासारखी, आणि जी औषधासारखी काम करते तिला औषधाचेच पथ्य लागते.

हे पथ्य नसले तर काय होते, त्याचा धडा १९८९ साली मिळाला आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात स्नायूंच्या असह्य वेदना आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची बेसुमार वाढ असे रुग्ण डॉक्टरांना दिसले. समान धागा एकच: सगळे झोपेसाठी किंवा मनासाठी ट्रिप्टोफॅन घेत होते. ‘अल्बुकर्की जर्नल’च्या टेमर स्टीबर यांनी त्या बातमीचा पाठपुरावा केला आणि १९९०चे पुलित्झर मिळवले. पंधराशेहून अधिक माणसे आजारी पडली, किमान ३७ दगावली. माग लागला तो जपानच्या शोवा डेन्को या एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत. त्याने जिवाणूंचे वाण बदलले होते आणि शुद्धीकरणातली कोळशाची पूड कमी केली होती. विक्रेते आजही म्हणतात, ‘दोष भेसळीचा होता, ट्रिप्टोफॅनचा नव्हता.’ धरून चालू की तसेच होते. मग औषधाला जी शुद्धतेची परीक्षा लागते ती ट्रिप्टोफॅनला का नको होती? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत बुरशीचे विष आणि कीटकनाशकांचे अंशही निघाले.

आणि भेसळ सोडा, शुद्ध अमिनो आम्लही मेंदूची राख करू शकते. नॉर्वेच्या आस्ब्योर्न फोलिंग यांनी १९३४ साली ओळखलेल्या पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया) या जन्मजात विकारात शरीर फेनिलअ‍ॅलनिन मोडू शकत नाही. ते साठते, मेंदूच्या दारातून बाकीच्यांना मागे रेटते, आणि बाळाची बुद्धी कायमची खुंटते. जन्मल्याबरोबर ओळखून आहारातले फेनिलअ‍ॅलनिन कमी केले तर मूल चांगले वाढते. ‘डाएट’ शीतपेयाच्या बाटलीवर बारीक अक्षरात फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांना इशारा असतो तो याच कारणाने. ज्यांना हा विकार नाही त्यांना हा धोका नाही, हे खरे. पण ‘प्रोटीनच आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य या एका उदाहरणापुढे टिकत नाही. धोका रोजच्या व्यवहारातलाही आहे. नैराश्यासाठी एस्सिटालोप्रामसारखी गोळी चालू असताना वरून फाइव्ह-एचटीपी घेतले तर सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका संभवतो: ताप, थरथर, गोंधळ, स्नायूंचे झटके, क्वचित मृत्यू. वेदनेवरचे ट्रामाडोल, खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे लिनेझोलिड हीदेखील याच यादीत येतात. असे रुग्ण आपल्या शहरांत शेकड्यांनी आहेत. काउंटरवर डबा देणारा त्यांतल्या कुणाला तरी ‘दुसरी काही गोळी चालू आहे का?’ असे विचारतो का?

‘मला फरक पडला,’ असे सांगणारे भेटतात आणि मी त्यांना खोटे ठरवत नाही. नैराश्याच्या चाचण्यांत प्लासिबोनेही पुष्कळांना बरे वाटते. त्यात आणखी एक गोष्ट असते: माणूस कॅप्सूल सुरू करतो तो तळ गाठल्यावर, आणि तळातून वर येणे बऱ्याचदा आपोआप घडते. वरून तोच माणूस त्याच आठवड्यात लवकर झोपू लागतो, दारू सोडतो, चालायला जातो. श्रेय मात्र जाते डब्याला, कारण पैसे त्याचे मोजलेले असतात.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवले की नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नाही. असला तर त्याच्या दाराशी दिसण्याची लाज. ‘मग त्या बिचाऱ्याने कॅप्सूल घेतली तर तुमचं काय बिघडलं?’ बिघडते ते हे: ज्याला आजार आहे असे कॅप्सूलने मान्य केले, त्याला उपचार मिळाल्याचा भासही तिनेच दिला. महिने जातात. आत्महत्येचा विचार घोळत असलेल्या माणसाच्या बाबतीत महिना म्हणजे फार होतो. त्याला सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, जिल्हा रुग्णालय आहे, आणि नीट ऐकून घेणारा फॅमिली डॉक्टरही आहे. व्यवस्था अपुरी आहे हा तिच्या दारावर धडका मारण्याचा मुद्दा झाला, दुकानाकडे वळण्याचा नव्हे.

शेवटी हा वाद रसायनाइतकाच कायद्याचा आहे. विक्रेत्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा आहे. गिऱ्हाइकाला सांगताना हा पदार्थ मेंदूचे रसायन पालटतो. परवाना मागताना तो निव्वळ अन्न असतो. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. मेंदूवर परिणाम होत नसेल तर जाहिरात खोटी आहे. होत असेल तर डोस, शुद्धता, इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया आणि माणसांवरच्या चाचण्या हे सगळे औषधाच्या नियमाने सिद्ध करायला हवे, आणि तो पदार्थ औषधाच्या कपाटात, चिठ्ठीवर मिळायला हवा. कार्बिडोपासह एल-डोपा तसाच मिळतो. कुणाचीही तक्रार नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनी या पूरकांना अन्नाच्या रांगेत बसवले आणि मोबदल्यात डब्यावर एक ओळ ठळकपणे छापायला लावली: औषधी वापरासाठी नाही. ती बहुधा इंग्रजीत, डब्याच्या मागच्या अंगाला असते आणि पुढच्या अंगावर मेंदूचे चित्र असते. विक्रेत्यांनी आपले दावे औषधाच्या कसोटीवर उतरवून दाखवेपर्यंत वाचणाऱ्याने डबा उलटा करून तेवढी ओळ वाचावी आणि तिच्यावर विश्वास ठेवावा. मेंदूबद्दल त्या डब्यावर जे काही लिहिले आहे, त्यातली कायद्याच्या धाकाने लिहिलेली तेवढीच आहे.